शुद्ध ध्वनी आणि पैशाचा विनियोग

मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, दुर्ग मागे पडल्यानंतर थोड्याच वेळात, भिलाई पावर हाउस हे स्थानक लागते. स्थानकाभोवती दाट वस्तीची बाजारपेठ आहे. भिलाईचा पोलाद कारखाना उभारण्याचा करार भारत व सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. करार झाला त्या वेळी भिलाई व नागपूर ही दोन्ही एकाच राज्यात होती आणि त्या राज्याची राजधानी नागपूरच होती. त्यामुळे विदर्भातील मराठी माणसाला हा मुलूख फारसा परका नव्हता. १ नोव्हेंबर २००० पासून भिलाई छत्तीसगड राज्यात आहे. कारखान्याच्या पाळ्यांवर दिवसाची घडी बसलेल्या अशा गावात, कामावरून परतलेल्या माणसाने संध्याकाळी तासभर गाणे ऐकावे, ही गोष्ट मोठी नसली तरी क्षुल्लकही नाही. त्या तासासाठी पगारातून बाजूला काढलेला पैसा कोठे खर्च करावा, हा येथे विचाराचा विषय आहे.

समजा, पावर हाउसमधील एखाद्या गृहस्थाजवळ जुना पण चांगला विवर्धक, म्हणजे अँप्लिफायर, आहे. ध्वनिक्षेपकांची एक जोडी आहे. आणि वडिलांच्या वेळच्या तबकड्या वाजविणारे यंत्र आहे. गाणे लागते, परंतु आलाप सुरू होण्यापूर्वीच्या शांततेत पाठीमागून ‘घूं’ असा अखंड आवाज येत राहतो. दुरुस्ती करणारे कारागीर त्याला ‘हमिंग’ म्हणतात. एक मित्र सांगतो की, प्रीअँप्लिफायर बदलल्यावाचून हे जाणार नाही. दुसरा सांगतो की, प्रीअँप्लिफायर राहू द्यावा, त्याला स्वतंत्र आणि भारी वीजपुरवठा घ्यावा. दोघेही सद्भावनेने बोलत असतात. पण नाडी पाहण्यापूर्वीच दोघांनीही औषध सांगितलेले असते.

अशा वेळी पाळावयाचा नियम साधा आहे. जो दोष कानाला ऐकू येतो आणि ज्याचे स्थान निश्चित झाले आहे, त्याच्याच निवारणावर पैसा खर्च करावा. हा क्रम सोडून केलेली खरेदी स्वस्त असो वा महाग, ती तोट्याचीच ठरते. या नियमाचे समर्थन करण्यापूर्वी या दोन उपकरणांची कामे समजून घेणे इष्ट होईल.

दोन उपकरणांची कामे

प्रीअँप्लिफायर म्हणजे पूर्वविवर्धक. मुख्य विवर्धक ध्वनिक्षेपकाला बळ पुरवितो. त्याच्यापर्यंत येणारा क्षीण संकेत त्याला घेता येईल इतका मोठा करणे, आवाज कमीजास्त करण्याची सोय देणे आणि अनेक साधनांपैकी एकाची निवड करणे, ही पूर्वविवर्धकाची कामे होत. तबकडीवरील सुईच्या साधनातून, म्हणजे कार्ट्रिजमधून, निघणारा संकेत सामान्यतः ५ मिलिव्होल्टच्या आसपास असतो. शिवाय तबकडी कोरताना खालचे स्वर मुद्दाम दबलेले व वरचे चढविलेले असतात. ऐकताना त्यांचे मूळ प्रमाण पुन्हा साधावे लागते आणि त्यासाठी १९५४ पासून एक ठरलेली प्रमाणरेषा वापरात आहे. तीनुसार ५० आवर्तनांचा स्वर १,००० आवर्तनांच्या स्वरापेक्षा सुमारे सातपट अधिक वाढविला जातो. याचा अर्थ असा की, तबकडीच्या पूर्वविवर्धकात विजेच्या वारंवारतेचा दोष शिरला, तर तोही तितकाच वाढून बाहेर पडतो. तबकडी ऐकणाऱ्यालाच हमिंगचा त्रास अधिक का होतो, याचे हे एक कारण आहे.

याउलट, आजची अंकीय साधने सामान्यतः २ व्होल्टपर्यंतचा संकेत देतात आणि बहुतेक शक्तिविवर्धक सुमारे १ व्होल्टवरच पूर्ण बळाने चालू लागतात. ज्याला तबकड्या ऐकावयाच्याच नाहीत, त्याच्या बाबतीत पूर्वविवर्धकाला वाढविण्याचे काम जवळजवळ उरतच नाही. आवाज कमी करण्याची खुंटी आणि निवड करण्याची कळ एवढ्यावर त्याचे भागते. अशा माणसाने मोठी वाढ देणारा उंची पूर्वविवर्धक घेणे म्हणजे घागरभर पाण्यासाठी विहीर खणण्यासारखे आहे.

वीजपुरवठ्याचे काम वेगळे आहे. घरात येणारी वीज उलटसुलट वाहणारी, म्हणजे प्रत्यावर्ती, असते; पूर्वविवर्धकाला एकाच दिशेने वाहणारी आणि स्थिर दाबाची वीज लागते. रोहित्र, ज्याला सर्वजण ट्रान्सफॉर्मर म्हणून ओळखतात, दाब उतरविते. एकदिशकारक, म्हणजे डायोडची जुळणी, प्रवाह एका दिशेचा करते. धारित्र, अर्थात कपॅसिटर, प्रवाहातील चढउतार भरून काढते. आणि शेवटी दाबनियामक, म्हणजे रेग्युलेटर, उरलेसुरले लहरणे दाबून टाकतो. या चौघांपैकी कोणीही आपले काम सोडले, की त्याची वार्ता ध्वनिक्षेपकातून ऐकू येते.

हमिंगचा स्वर काय सांगतो

भारतातील विजेची वारंवारता सेकंदाला ५० आवर्तने आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीच्या द्वारे दक्षिणेकडील वीजजाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी एकतालात जोडले गेले. तेव्हापासून भिलाईतील हमिंग आणि बंगळुरातील हमिंग यांचा स्वर एकच आहे. मात्र हा स्वर दोन रूपांत ऐकू येतो. तारांच्या जोडणीतून किंवा रोहित्राच्या सान्निध्यामुळे शिरलेला दोष बहुधा ५० आवर्तनांचा, खोल व गुळगुळीत असतो. एकदिशकारकानंतर उरलेल्या चढउताराचा दोष १०० आवर्तनांचा असतो. तो बरोबर एक सप्तक वर आणि काहीसा खरखरीत वाटतो. दोषाचे स्थान सांगणारी ही पहिली खूण आहे व तिला पैसे पडत नाहीत.

संगीताच्या श्रोत्याला हा दोष इतका का खुपतो, तेही पाहण्यासारखे आहे. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज सेकंदाला सुमारे ६९ आवर्तनांचा असतो. त्या खर्जावरून मोजल्यास तीव्र मध्यम सुमारे ९७ वर आणि पंचम सुमारे १०४ वर येतो. हमिंगचा १०० आवर्तनांचा स्वर या दोहोंच्या मध्ये पडतो; म्हणजे जो स्वर कोणत्याच रागात नाही, तो तंबोऱ्याच्या शेजारी अखंड लागून राहतो. काळी चार पट्टीत गाणाऱ्या गायिकेच्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे १०४ आवर्तनांचा असतो. तेथे हमिंग आणि खर्ज यांच्या मिश्रणातून सेकंदाला सुमारे चार हेलकावे निर्माण होतात आणि उत्तम जुळविलेला तंबोराही बेसूर भासू लागतो. तेव्हा श्रोत्याची तक्रार लहरीपणाची नसते. ती अगदी वाजवी असते. वाद आहे तो उपायाविषयी.

स्थान शोधण्याची रीत

दुसरी खूण आवाजाच्या खुंटीची. खुंटी पूर्ण उतरविल्यावरही हमिंग जसेच्या तसे राहिले, तर दोष खुंटीच्या पुढे, म्हणजे बहुधा शक्तिविवर्धकात किंवा त्याच्या पुरवठ्यात आहे. अशा स्थितीत नवा पूर्वविवर्धक घेतल्याने काही साधण्याचा संभव थोडाच. खुंटी चढविताना हमिंगही चढत असेल, तर दोष खुंटीच्या अलीकडे आहे. मग यंत्रे बंद करून साधनाकडून येणाऱ्या तारा काढाव्यात, पूर्वविवर्धकाच्या प्रवेशद्वारी संकेताची खीळ व तिचे कवच जोडणारी आखूड टोपी बसवावी आणि पुन्हा ऐकून पाहावे. हमिंग थांबले तर पूर्वविवर्धक निर्दोष आहे. दोष तारांत, तबकडीयंत्रात किंवा जोडणीत आहे. न थांबले तरच पूर्वविवर्धक अथवा त्याचा वीजपुरवठा यांच्यावर संशय घ्यावा. ही तपासणी अर्ध्या तासात होते आणि ती शाळकरी मुलालाही समजण्यासारखी आहे.

अर्थिंगशी खेळू नये

पुष्कळ घरांत दोष याच टप्प्यावर सापडतो. दोन यंत्रे भिंतीवरील दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून वीज घेतात. दोहोंना जमिनीशी जोडणारी तार, म्हणजे अर्थिंग, असते. आणि संकेताच्या तारेचे कवच त्यांना पुन्हा एकमेकांशी जोडते. असे एक कडे तयार झाले, की त्यातून ५० आवर्तनांचा बारीक प्रवाह वाहू लागतो व तो संकेतात मिसळतो. उपाय सोपा आहे. सर्व यंत्रांना एकाच फळीवरून वीज द्यावी, संकेताच्या तारा आखूड ठेवून एकत्र न्याव्यात, त्या विजेच्या तारांपासून दूर ठेवाव्यात आणि तबकडीयंत्राची स्वतंत्र जमीन-तार पूर्वविवर्धकाच्या ठरलेल्या खिळ्याला घट्ट बसवावी.

परंतु येथेच एक घातक शॉर्टकट प्रचारात आहे. प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकली किंवा तिची तार कापली, की कडे तुटते आणि हमिंग थांबते. श्रोता समाधान पावतो. पुढे कधी रोहित्राचे आवेष्टन जळून विजेचा स्पर्श धातूच्या पेटीला झाला, तर ती वीज जमिनीत जाण्याची वाट उरलेली नसते; पेटीला हात लावणाऱ्या माणसाच्या देहातूनच ती वाट शोधते. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभे असलेले मूल डोळ्यांसमोर आणले, म्हणजे या बचतीची खरी किंमत कळते. शुद्ध स्वरासाठी जमिनीची तार कापणे हा कोणत्याही परिस्थितीत असमर्थनीय मार्ग आहे. घराचे अर्थिंगच बिघडलेले असेल, तर पहिला पैसा परवानाधारक वीजतंत्रज्ञाला द्यावा. ध्वनियंत्रावरील सर्वांत मोलाची सुधारणा कित्येकदा भिंतीच्या आत करावी लागते.

पुरवठ्यातील वाव

जोडणी निर्दोष असूनही १०० आवर्तनांचे हमिंग येत असेल, आणि विशेषतः ते संध्याकाळी येत असून दुपारी येत नसेल, तर वीजपुरवठ्याकडे वळण्यास सबळ कारण आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी कमी व मध्यम दाबाच्या विजेसाठी ठरलेल्या दाबापेक्षा शेकडा ६ इतकाच फरक मान्य केला होता. २३० व्होल्टवर ही मर्यादा सुमारे २१६ ते २४४ अशी येते. परंतु दाट वस्तीत, एकाच वाहिनीवर दुकानांचे दिवे, वेल्डिंगची यंत्रे, पंप आणि शीतकयंत्रे यांचा भार एकदम पडला, म्हणजे दाब याहूनही उतरू शकतो.

एका नमुन्याच्या हिशेबाने हे स्पष्ट होईल. पूर्वविवर्धकाला अधिक व उणे १५ व्होल्ट हवे आहेत आणि तो ५० मिलिअँपिअर प्रवाह घेतो, असे धरू. बाजारात कारागीर बहुधा १५-०-१५ व्होल्टचे रोहित्र बसवितो, कारण आकडे जुळतात. एकदिशकारक आणि १,००० मायक्रोफॅराडचे धारित्र यांच्यानंतर दाब सुमारे २०.५ व्होल्टपर्यंत चढतो व त्यात सुमारे अर्ध्या व्होल्टचे लहरणे असते. तीन पायांच्या साध्या दाबनियामकाला १५ व्होल्ट स्थिर देण्यासाठी आत सुमारे १७ व्होल्ट लागतात. २३० व्होल्टवर सर्व सुरळीत चालते. पण संध्याकाळी दाब एक पंचमांशाने उतरून १८४ झाला, तर धारित्रावरील दाब सुमारे १६.३ वर येतो. आता नियामकाला वावच उरत नाही. तो लहरणे अडवू शकत नाही आणि ते जसेच्या तसे पूर्वविवर्धकात शिरते. गृहस्थ म्हणतो, पूर्वविवर्धक जुना झाला. वस्तुतः पूर्वविवर्धकाचा त्यात काही अपराध नसतो.

त्याच जागी १८-०-१८ व्होल्टचे रोहित्र बसविले, तर नेहमीच्या दाबावर धारित्रापाशी सुमारे २४.८ व्होल्ट मिळतात आणि १८४ व्होल्टवरही सुमारे १९.७ उरतात. नियामक आपले काम करीत राहतो. जास्तीचा दाब उष्णतेच्या रूपाने जातो. पण तो प्रत्येक बाजूस अर्धा वॉट इतकाच आहे व लहानशा धातूच्या पट्टीने निभावतो. धारित्रे मात्र ५० व्होल्ट क्षमतेची घ्यावीत. हे सर्व सुटे भाग काही शेकडा रुपयांत येतात. दुरुस्तीच्या दुकानात हे काम करून घेता येते. विजेच्या मुख्य तारांशी संबंध येत असल्याने नवशिक्याने ते एकट्याने करू नये.

पुष्कळजण या दोषावर संपूर्ण घरासाठी किंवा सर्व यंत्रांसाठी मोठा स्टॅबिलायझर घेतात. पूर्वविवर्धकाची भूक दोन-तीन वॉटची. तिच्यासाठी एवढा खटाटोप अनावश्यक आहे. शिवाय सामान्य स्टॅबिलायझर दाबाची पातळी पायरीपायरीने सुधारतो, विजेतील इतर अशुद्धी गाळून काढीत नाही.

भारी वीजपुरवठ्याची मर्यादा

वीजपुरवठा सुधारून लाभ झाला, म्हणून तो आणखी सुधारल्यास लाभ वाढतच जाईल, असा पुष्कळांचा समज होतो. तो तपासून घेतला पाहिजे. वरील उदाहरणात धारित्रावरील लहरणे अर्धा व्होल्ट होते. साधा नियामक ते सुमारे हजारपट दाबतो. उरते अर्धा मिलिव्होल्ट. पूर्वविवर्धकात ५५३२ या क्रमांकाच्या प्रकारातील संकलित मंडल, म्हणजे आयसी, असेल, तर पुरवठ्यातील दोष तो स्वतःच आणखी दहा हजारपट किंवा त्याहून अधिक दाबतो. शेवटी उरणारा अंश एका मायक्रोव्होल्टचा विसावा भाग होतो. तबकडीच्या ५ मिलिव्होल्टच्या संकेताशी त्याचे प्रमाण एक लाखास एक असे पडते. तबकडीच्या पृष्ठभागाची सरसर याहून कितीतरी मोठी असते. असे असता पुरवठ्यासाठी दहापट किंमत देऊन हा अंश आणखी दहापट कमी केला, तरी कानाला त्याचा पत्ता लागणार नाही.

याचा अर्थ स्वतंत्र वीजपुरवठा नेहमीच निरर्थक असतो, असा नव्हे. जुन्या पद्धतीच्या, एकेका ट्रान्झिस्टरवर रचलेल्या मंडलांत पुरवठ्यातील दोष अडविण्याची शक्ती पुष्कळदा थोडी असते. तेथे चांगला नियामक मोठा फरक करतो. मोठे रोहित्र नाजूक मंडलापासून दूर, वेगळ्या पेटीत ठेवल्यानेही ५० आवर्तनांचा प्रादुर्भाव कमी होतो. इंग्लंडमधील सॉल्झबरी येथील नेम या कंपनीने पूर्वविवर्धकाला स्वतंत्र पेटीतून वीज देण्याची आणि ती पेटी क्रमाक्रमाने मोठी करीत जाण्याची पद्धत रूढ केली. उलट, त्याच देशातील पीटर वॉकर यांच्या क्वाड या नामांकित संस्थेचा पूर्वविवर्धक १९५० नंतरच्या दशकात शक्तिविवर्धकाकडूनच वीज घेत असे. दोन्ही परंपरांतून जगभर वाखाणली गेलेली यंत्रे निघाली. यावरून एवढेच सिद्ध होते की, वीजपुरवठा वेगळा असणे हा गुण नव्हे. तो त्या मंडलाला पुरेसा असणे हा गुण होय.

उन्हाळा आणि धारित्रे

भिलाईच्या परिसरात वैशाख-ज्येष्ठात पारा ४४-४५ अंशांवर जातो. बंद पेटीत, रोहित्राच्या शेजारी, तपमान ६५ अंशांपर्यंत सहज पोहोचते. पुरवठ्यातील मोठ्या धारित्रांत द्रव भरलेला असतो व तो उष्णतेने हळूहळू सुकतो. दर १० अंशांच्या वाढीने अशा धारित्राचे आयुष्य निम्मे होते, असा अभियंत्यांचा व्यवहारी आडाखा आहे. ज्या धारित्रावर ‘८५ अंश, २,००० तास’ असे छापलेले असते, ते ६५ अंशांवर सुमारे ८,००० तास चालेल. रोज चार तास ऐकणाऱ्याला ते साडेपाच वर्षे पुरेल. ‘१०५ अंश, २,००० तास’ असे छापलेले धारित्र त्याच ठिकाणी सुमारे ३२,००० तास, म्हणजे जवळजवळ बावीस वर्षे चालेल. दोहोंच्या किमतीत फरक अल्प असतो. पंचवीस-तीस वर्षांच्या यंत्रात हमिंग वाढले असेल, तर सुकलेली धारित्रे हा पहिला संशयित होय. ती बदलून पेटीला हवा लागेल अशी जागा दिली, तर ज्याला लोक नवे यंत्र घेऊन मिळविलेले समाधान म्हणतात, ते जुन्याच यंत्रात कित्येकदा परत मिळते.

पूर्वविवर्धक केव्हा बदलावा

वरील सर्व पार पडल्यानंतर पूर्वविवर्धकाचा विचार रास्त ठरतो. खुंटी चढविल्यावर हमिंग नव्हे तर सरसर ऐकू येत असेल, डावी व उजवी बाजू सारख्या जोराने वाजत नसतील, खुंटी फिरविताना खरखर होत असेल, किंवा तबकडीसाठी योग्य प्रवेशद्वारच नसेल, तर बदलास कारण आहे. त्यातही खरखर हा खुंटीचा दोष असून ती खुंटी तेवढी बदलता येते. सरसर बहुधा पहिल्या टप्प्यातील मंडलातून येते. जुन्या प्रकारच्या आयसीच्या जागी कमी सरसर असलेला आयसी बसविणे हे काही रुपयांचे काम असू शकते, मात्र दोहोंच्या पायांची मांडणी व मंडलाची गरज जुळते की नाही हे जाणकाराने पाहिले पाहिजे. नवे यंत्र घ्यावयाचेच ठरले, तर पेटीच्या जाडीपेक्षा, दर्शनी पट्टीच्या चकाकीपेक्षा, तीन गोष्टी पाहाव्यात : आपल्या साधनाच्या संकेताला लागणारी वाढ त्यात आहे काय, पुढे दुरुस्तीसाठी त्याचे सुटे भाग भारतात मिळतील काय, आणि ते आपल्या घरच्या उतरत्या दाबावर चालेल काय. तिसरा प्रश्न परदेशी मासिकांतील परीक्षणांत बहुधा आढळत नाही. पावर हाउसच्या ग्राहकाला मात्र तोच प्रथम विचारावा लागतो.

कानाची परीक्षा

येथे एक आक्षेप घेतला जातो व तो आदराने ऐकला पाहिजे. आकडे सर्व काही सांगत नाहीत, शेवटी न्याय कानाने करावयाचा, असे अनेक रसिक म्हणतात. हे म्हणणे योग्यच आहे. प्रश्न एवढाच की, न्याय करताना कान एकटा असला पाहिजे. डोळा आणि पाकीट यांनी त्याच्या कानात कुजबुजता कामा नये. १९३३ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मनसन यांनी दाखवून दिले की, आवाज लहान असताना माणसाचा कान खालच्या स्वरांना कमी प्रतिसाद देतो. म्हणून दोन यंत्रांपैकी जे किंचित मोठ्याने वाजते, ते अधिक भरदार वाटते. श्रोता तो यंत्राचा गुण समजतो. १९८२ साली डेव्हिड क्लार्क यांनी अमेरिकेतील ध्वनि-अभियंत्यांच्या नियतकालिकात, कोणते यंत्र चालू आहे हे श्रोत्यालाही आणि परीक्षकालाही कळणार नाही, अशा तुलनेची रीत वर्णन केली.

तिचे साधे रूप घरात किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत करता येते. एकच स्थिर स्वर वाजवून ध्वनिक्षेपकाच्या टोकांवरील दाब मल्टिमीटरने मोजावा व दोन्ही यंत्रांसाठी तो शंभरात एकाच्या आत सारखा करावा. मग एकाने पडद्याआड नाणे उडवून जुने वा नवे यंत्र लावावे आणि श्रोत्याने ओळखावे. ही गोष्ट दहा वेळा करावी. निव्वळ अंदाजाने दहापैकी नऊ किंवा दहा उत्तरे बरोबर येण्याचा संभव १,०२४ मध्ये ११, म्हणजे शंभरात एकाच्या जवळपास असतो. इतकी उत्तरे बरोबर आली, तर फरक खरा आहे असे मानावयास हरकत नाही. मग तो फरक त्या किमतीचा आहे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. पाच-सहाच आली, तर निदान ती खरेदी लांबणीवर टाकावी. विक्रेता काही दिवस यंत्र घरी नेऊ देत असेल, तर ही परीक्षा खरेदीपूर्वीच होऊ शकते. जो विक्रेता तिला तयार होतो, तो विश्वासास पात्र समजावा.

खर्चाचा क्रम

तेव्हा मोजक्या पैशांच्या श्रोत्यासाठी खर्चाचा क्रम असा ठरतो : प्रथम घरातील अर्थिंग व यंत्रांची जोडणी, नंतर जुनी धारित्रे, त्यानंतर वीजपुरवठ्यातील वाव, मग पूर्वविवर्धकातील खुंटी व पहिला टप्पा, आणि सर्वांत शेवटी नवा पूर्वविवर्धक. पहिल्या चार पायऱ्यांवर हमिंग गेले, तर पाचवी चढण्याचे कारण उरत नाही. या क्रमाने जाणाऱ्याचे पैसे तर वाचतातच. शिवाय त्याला आपले यंत्र कळू लागते, आणि ज्याला यंत्र कळते त्याला कोणी सहज फसवू शकत नाही.

संविधानाच्या ४२ व्या दुरुस्तीने १९७६ साली नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत वैज्ञानिक दृष्टिकोनाच्या जोपासनेचा समावेश केला. हा दृष्टिकोन प्रयोगशाळेपुरता आहे, असे समजण्याचे कारण नाही. खरेदीपूर्वी प्रश्न विचारणे, दोषाचे स्थान शोधणे, आणि आपल्याच आवडीला नाणे उडवून परीक्षेस बसविणे, हीदेखील त्याचीच रूपे होत. पावर हाउसच्या एखाद्या घरात संध्याकाळी तंबोरा लागावा आणि त्याच्या शेजारी दुसरा कोणताही स्वर नसावा, एवढ्यासाठी पगारातील मोठा हिस्सा खर्ची घालावा लागत नाही. एक मल्टिमीटर, योग्य ते रोहित्र, चार धारित्रे आणि घट्ट बसविलेली जमीन-तार यांवर पुष्कळदा भागते. उरलेले पैसे नव्या ध्वनिमुद्रिका घेण्यासाठी मोकळे राहतात, आणि यंत्र घेतले जाते ते त्यांच्याचसाठी.